सात ठिपके, सात ओळी

(लकडी पुलाजवळचा रस्ता, सकाळची वर्दळ. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं.)

कागदोपत्री हे वडोदरा. आमच्या तोंडी अजून बडोदेच. दांडिया बाजारच्या ओट्यांवर बसून इथली मराठी ऐकावी. तिच्यात गुजराती कधी शिरते, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. महापालिकेच्या या मराठी शाळेत मुलं वर्गात 'बाई' म्हणतात आणि ऑफिसच्या दारातून हाक मारताना 'बेन'. बाई दोन्हींना ओ देतात.

(जाळीचा दरवाजा. कुलूप. चाव्यांचा जुडगा.)

ही कॉम्प्युटर लॅब. तिसरी चावी लागली. तो भाग आम्ही कापलेला नाही.

(प्लॅस्टिकची झाकणं एकेक करून निघतात.)

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना अशा लॅबसाठी मदत मिळते. उभारणीला एकदाच ६ लाख ४० हजार रुपये आणि पुढे पाच वर्षं, दरवर्षी २ लाख ४० हजार. सहाव्या वर्षी काय, हे बाईंनी कॅमेरा बंद झाल्यावर विचारलं.

सरकारने शाळेत कॉम्प्युटर आणण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्प आला, तेव्हा ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो शाळांत उतरले होते. २००४ मध्ये शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची 'आयसीटी' योजना आली, २०१८ मध्ये ती समग्र शिक्षेत सामावली गेली. गुजरातने २०१७ मध्ये ज्ञानकुंज आणून सातवी-आठवीच्या वर्गांत प्रोजेक्टर आणि फळा एकत्र बसवले. नवीन शिक्षण धोरणाने सहावीपासून कोडिंग म्हटलं. आता २०२६-२७ पासून तिसरीपासूनच संगणकीय विचार आणि एआय शिकवायचं केंद्राने जाहीर केलंय. देशात कॉम्प्युटर असलेल्या शाळा २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के होत्या, पुढच्याच वर्षी ६४.७ टक्के झाल्या. यंत्रं येतायत, त्यात वाद नाही.

(काळा घोडा. घोड्यावर सयाजीराव. खालून रिक्षांची रांग.)

बडोद्यात शाळेचा विषय निघाला की कॅमेरा आपोआप इकडे वळतो. कंटाळा आला तरी वळतो, आणि वळावाच. १८९३ मध्ये सयाजीरावांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आधी अमरेली भागातल्या मोजक्या गावांत सुरू करून पाहिलं. तेरा वर्षं थांबले, आणि मग १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केलं. पुढे १९११ मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता.

(कलाभवनाची इमारत. कमानी, जिने.)

हे कलाभवन, १८९०. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर इथले पहिले प्रमुख. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम इथे शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके इथेच शिकले. पण आमच्या गोष्टीला लागणारा धागा वेगळा आहे. हे शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं, असा गज्जरांचा आग्रह होता. शास्त्राची पुस्तकं देशी भाषेत नव्हती, तर ती लिहून घ्यायचा उद्योग राज्याच्या खर्चाने सुरू झाला. आणि १९३१ मध्ये याच राज्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे प्रतिशब्द एकाच पानावर.

(जाड ग्रंथाची पानं उलटतात.)

'लूप'ला, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा करायला लावण्याला, मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न या शहराला नवा नाही.

(शाळेचं अंगण. फरशीवर ठिपके.)

बाईंनी त्याचं उत्तर कॉम्प्युटरविना काढलं. सात ठिपके, सात ओळी. रांगोळीचा डबा घरून आणला. आठवीतली एक मुलगी चिठ्ठी लिहिते: दोन ठिपके पुढे जा. वळ. हेच चार वेळा कर. एक मुलगा हातात खडू घेऊन चिठ्ठीबरहुकूम चालतो. त्याने स्वतःचं डोकं वापरायचं नाही, एवढीच अट. (ही अट त्याला फारच आवडली.)

(मुलगा डावीकडे वळतो, ठिपके सोडून नळाकडे निघतो. हशा.)

चिठ्ठीत फक्त 'वळ' होतं. कुठे, ते नव्हतं. मुलं त्याला हसतात. बाई म्हणतात, "खोट चिठ्ठीत आहे, त्याच्यात नाही."

(मुलगी खोडते, लिहिते. जवळून: 'उजवीकडे वळ'.)

चौकोन पुरा होतो. मग तीच चिठ्ठी घेऊन सगळे लॅबमध्ये. एका खुर्चीत दोघं, मागे तिसरा उभा. मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या 'स्क्रॅच' या प्रोग्रॅममधली मांजर दोनदा पुढे सरकते, उजवीकडे नव्वद अंशांत वळते, चार वेळा. पडद्यावर तोच चौकोन.

(मुलांचे चेहरे. बारा सेकंद निवेदन नाही.)

बाई गणित आणि विज्ञान शिकवतात. कॉम्प्युटरचा तास त्यांनी आपल्या तासांतून काढलाय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कोणते शिक्षक हवेत ते लिहिलंय: विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा. शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-व्यायाम आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ शिक्षकही. कॉम्प्युटर त्या यादीत नाही. कायदा २००९ चा आहे, तेव्हा ते खपून गेलं. आज तिसरीपासून एआय शिकवायचं म्हणताना ती यादी तशीच ठेवणं म्हणजे तबला विकत घेऊन तबलजीला विसरणं. मदत वाढवायची असेल तर पुढचा रुपया बाईंसारख्यांच्या पगारावर, प्रशिक्षणावर आणि मोकळ्या तासावर पडायला हवा. दहावा मॉनिटर नंतर आला तरी चालेल.

आठवीनंतर यातली बरीचशी मुलं गुजराती माध्यमात जातील. तिथे हा विषय घेता येईलच असं नाही.

(झाकणं परत चढतात. कुलूप.)

सकाळची शाळा सुटली.

(अंगण. दुपारच्या पाळीची मुलं फाटकातून आत येतात, ठिपक्यांवरून धावत जातात. एक मुलगी मध्येच थांबते, खाली पाहते, आणि उडी मारून चौकोन ओलांडते.)