श्रग अंगावर सुटून पडायला हवा

नमस्कार. आज क्रोशाने विणलेल्या श्रगबद्दल, म्हणजे कपड्यावरून घालायच्या, पुढून उघड्या, आखूड जाकिटाबद्दल बोलूया. त्याचा आकार सांगायला मला फार वेळ लागणार नाही. एक आयत विणायचा, त्याची मधोमध घडी घालायची, दोन्ही बाजूंना थोडी थोडी शिवण मारायची आणि उरलेल्या फटीतून हात बाहेर काढायचे. साखळी आणि खांब हे क्रोशाचे मूळ टाके ज्याला येतात, त्याला हे जमतंच. तरीही एकीचा श्रग खांद्यावरून सुटून खाली येतो आणि दुसरीचा पुठ्ठ्यासारखा अंगापासून लांब उभा राहतो. मापं तीच, लोकरही कदाचित तीच. फरक पडतो तो कापडात. म्हणून आज मी आयताबद्दल कमी आणि आयत ज्याचा होतो त्या कापडाबद्दल जास्त बोलणार आहे. आपण क्रोशावाले पहिल्या दिवशी नमुना निवडतो, रंग निवडतो आणि लगेच साखळी घालायला घेतो. कापड कसं पडणार हा विचार करायची वेळ त्याच्या आधीची असते.

हे दोन तुकडे आहेत, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. लोकर एकच, डीके जाडीची, म्हणजे ना फार जाड ना फार बारीक. टाका एकच, साधा खांब. पहिला विणलाय 3.5 मिमीच्या सुईने, दुसरा 5.5 मिमीच्या. दोन्ही तुकड्यांचा एक कोपरा चिमटीत धरा आणि बाकीचा सोडून द्या. पहिला तुकडा जवळजवळ आडवाच राहतो, टोक जरासं झुकतं. दुसरा बोटांवरून घसरतो, त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्या गोल, मऊ असतात. आता मुठीत घेऊन दाबा आणि सोडा. पहिल्याची घडी टोकदार मोडते, दुसरा आपसूक उलगडतो. श्रगसाठी आपल्याला हवा तो दुसरा.

असं का होतं? दोन सुयांच्या विणकामात टाके म्हणजे एकमेकांतून ओढलेले साधे फास असतात, ते जागच्या जागी थोडे सरकतात. क्रोशाचा टाका मात्र घातला की तिथेच पूर्ण होतो, बंद होतो. एका खांबात दोऱ्याचे वेढे एकावर एक बसलेले असतात, आणि शेजारचे टाके एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे क्रोशाचं कापड स्वभावतः जाड आणि भरीव. टोपलीला, बाहुलीला हा भरीवपणा हवाच असतो. अंगावरच्या कपड्यात मात्र टाक्यांना हलायला जागा ठेवावी लागते. ती तीन मार्गांनी मिळते: दोरा बारीक घ्या, सुई मोठी घ्या, नाहीतर वीण मोकळी ठेवा. तिन्हींचा थोडा थोडा वापर केला तर उत्तम.

सुईचं बोलायचं तर लोकरीच्या लेबलवर जो आकडा असतो, तो बहुतेकदा दोन सुयांच्या विणकामाचा असतो, हे लक्षात ठेवा. डीकेच्या लेबलवर 4 मिमी दिसतं, पण क्रोशासाठी त्याच जाडीला 4.5 ते 5.5 मिमीची सुई सुचवली जाते. त्याहून बारीक, साधारण 4 प्लायच्या लोकरीला मी 4 मिमीपासून सुरुवात करीन आणि तुकडा बघून वर जाईन. श्रगसाठी माझी पसंती डीके किंवा त्याहून बारीक दोऱ्यालाच आहे. जाड लोकरीचा श्रग लवकर होतो हे खरं, पण तो अंगावर बसतो, पडत नाही.

विणीबद्दल. मुका खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला तो बुटका टाका, श्रगच्या अंगासाठी वापरू नका. काठाला तो चांगला. अर्धा खांब चालेल, पण सुई मोठी हवी. खांब सगळ्यात सोयीचा. त्याहून मोकळं हवं असेल तर एक खांब, एक साखळी, खालच्या ओळीतलं एक घर, म्हणजे एक टाका, सोडून पुढचा खांब, अशी जाळी घ्या. किंवा एकाच घरात खांब, साखळी, खांब अशी व्ही वीण. परदेशी नमुना वाचत असाल तर तो अमेरिकन पद्धतीचा आहे की ब्रिटिश हे आधी बघा. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. तिथे गोंधळ झाला तर कापडाची सगळी जातच बदलते.

मधूनच एक प्रश्न आला आहे, की सुई मोठी घेतली तर भोकं दिसणार नाहीत का? दिसतील, थोडी. पण श्रगच्या आत कपडा असतोच, झाकायचं काम तो करतो. श्रगने फक्त छान पडायचं असतं.

आता दोऱ्याच्या जातीकडे येते. मेंढीच्या लोकरीला ताण असतो. ती ओढली की परत येते, म्हणून तिचा श्रग खांद्याला धरून राहतो. सुती दोरा जड असतो आणि त्याला परत येणं माहीत नाही. सुती श्रग छान पडतो खरा, पण घालून घालून लांब होत जातो. बांबूच्या दोऱ्याचं त्याहून जास्त: सुळसुळीत पडतो आणि तितकाच वाढतो. ॲक्रिलिक हलकं, धुवायला सोपं, पण नवं असताना जरा फुगीर आणि ताठ वाटतं. त्याला लांबून हलकी वाफ दिली तर ते मऊ होऊन खाली बसतं. मात्र इस्त्री टेकवायची नाही, वाफही फार द्यायची नाही. ॲक्रिलिक उष्णतेने एकदा लोळागोळा झालं की ते कायमचं, धुऊन परत येत नाही. वाफेचा प्रयोग आधी तुकड्यावर करा, श्रगवर नको.

तुकडा विणायचा तो किमान 15 सेंटीमीटर चौरस. चार बोटांएवढा तुकडा खोटं बोलतो, कारण कडेचे टाके नेहमी वेगळे येतात. विणून झाला की त्याची लांबीरुंदी मोजा, मग श्रग जसा धुणार तसाच धुवा, वाळवा. मग खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे चार-पाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. मात्र टांगायच्या आधीच कडा सोडून मधले 10 सेंटीमीटर घ्या आणि त्यात किती खांब, किती ओळी हे लिहून ठेवा. विणकाम करणारी बरीच मंडळी हा टप्पा गाळतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण पुढची सगळी उत्तरं याच तुकड्यात असतात.

समजा 10 सेंटीमीटरमध्ये 16 खांब आणि 9 ओळी आल्या. आता माणसाची मापं घेऊ. तीनच लागतात.

पहिलं रुंदीचं. हात थोडे पुढे घेऊन उभं राहायचं आणि पाठीवरून, एका दंडाच्या मध्यापासून दुसऱ्या दंडाच्या मध्यापर्यंत टेप न्यायची. हात पुढे घ्यायचे कारण पाठ तेव्हाच खरी रुंद होते. खुर्चीत बसलो, काही उचललं, तरी श्रग पाठीत ताणता कामा नये. हे माप 66 सेंटीमीटर आलं तर 66 गुणिले 1.6, म्हणजे 105.6, म्हणजे 106 खांब. वळण्यासाठीच्या साखळ्या वेगळ्या. रुंदी कमी पडली तर खांदे मागे ओढले जातात. जास्त झाली तर बाह्या कोपराकडे घसरतात आणि आपण दिवसभर श्रग सावरत बसतो. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आली तर मी किंचित कमी घेईन. क्रोशाचं कापड वापरात सैलावतं, आवळत नाही.

दुसरं उंचीचं. मानेच्या मागच्या हाडापासून खाली जिथवर श्रग हवा तिथवर मोजा आणि कॉलर मुडपण्यासाठी 8 ते 10 सेंटीमीटर धरा. समजा एकूण 68 सेंटीमीटर हवेत. वर-खाली 4-4 सेंटीमीटरचा काठ येणार आहे, म्हणून आयत 60 चा. 60 गुणिले 0.9, म्हणजे 54 ओळी. पण टांगलेला तुकडा आठवा. 10 चा 10.8 झाला असेल, तर हाच श्रग महिन्याभरात जवळजवळ 65 चा होईल. अशा दोऱ्यात 50 ओळीच विणायच्या, बाकीचं काम वजन करेल.

तिसरं माप दंडाचा घेर, आणि हेच लोक अंदाजावर सोडतात. दंड जिथे सगळ्यात जाड तिथे मोजा, त्यात 6 सेंटीमीटर मिळवा. 30 चा दंड असेल तर 36. त्याचं निम्मं 18. आयताची घडी अशी घालायची की वरची आणि खालची लांब कड एकमेकींवर येईल. घडीची उंची झाली 30. घडीच्या बाजूने 18 सेंटीमीटर मोकळे सोडायचे, तो झाला हात घालायचा भाग. कोपऱ्याकडचे उरलेले 12 शिवायचे. हे घडी आणि कोपरा लक्षात घ्या. शिवण कोपऱ्यापासून सुरू होते, मोकळी जागा घडीला असते. उलटं झालं तर श्रग होतच नाही.

या 12 सेंटीमीटरच्या शिवणीकडे जरा थांबून बघा. अंगात घातल्यावर ती हातापासून पुढच्या कडेपर्यंत आडवी येते. म्हणजे शिवण जेवढी लांब तेवढा श्रग समोर छातीवर येतो. 5 सेंटीमीटरच शिवलं तर पुढे काही उरत नाही, फक्त पाठ आणि खांदे झाकले जातात. 16 शिवलं तर पुढून छान भरलेला दिसतो. पुढून आखूड दिसणारा श्रग लोक उसवून रुंद करायला घेतात, आणि खरं तर त्याला उंची हवी असते. उंची वाढवली की अर्धी वाढ या शिवणीत येते आणि श्रग समोर सरकतो.

लोकर किती लागेल? तेही तुकडाच सांगतो. 15 बाय 15 म्हणजे 225 चौरस सेंटीमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो 8 ग्रॅम भरला असं धरू. आयत 66 बाय 60, म्हणजे 3960. भागिले 225, 17.6. गुणिले 8, साधारण 141 ग्रॅम. काठासाठी पाव भाग वाढवला की 176. पन्नासच्या चार गुंड्या एकाच रंगखेपेच्या घेऊन ठेवा. लेबलवर त्या खेपेचा क्रमांक छापलेला असतो. वेगळ्या खेपेची पाचवी गुंडी पाठीवर पट्ट्यासारखी दिसते.

विणताना एका गोष्टीकडे लक्ष द्या: पहिली साखळी. ती बहुतेकांची घट्ट पडते. अंग सैल आणि साखळी आवळलेली असली की ती कड चुरगळते आणि वर खेचते. साखळीपुरती सुई एक-दोन नंबर मोठी घ्या. किंवा साखळी आणि खांब एकदमच घालायची पद्धत येत असेल तर तीच वापरा, ती कड अंगाइतकीच ताणते.

आता काठ. श्रगचं बसणं इथे ठरतं. अंग सैल आहे, ते पडण्याचं काम करतं. काठाने धरण्याचं काम करायचं. त्यासाठी मुक्या खांबाची उभी पट्टी उत्तम: सात-आठ टाक्यांची अरुंद पट्टी विणायची, प्रत्येक वेळी टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यात सुई घालून, आणि दर दोन ओळींनी ती श्रगच्या कडेला सरकटाक्याने, म्हणजे उंची न वाढवता नुसतं जोडणाऱ्या टाक्याने, जोडत जायची. मागच्या दोऱ्यातल्या विणीमुळे पट्टी लवचिक होते आणि तिचा ताण बरोबर कडेच्या दिशेने मिळतो. पट्टीसाठी सुई अंगापेक्षा एक नंबर लहान. आणि मानेच्या मागे, साधारण 20 सेंटीमीटरच्या भागात, दर आठ घरांमागे एक घर सोडा. काठ तिथे जरा आत येतो, मानेला धरतो, आणि श्रग खांद्यावरून मागे पडत नाही. सारखा घसरणारा श्रग बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतो. आयत पुन्हा विणायची गरज नसते.

बाह्यांच्या कडेला ओळींची टोकं येतात. तिथे खांबाच्या एका ओळीला दोन मुके खांब घाला. काठ लाटेसारखा हलायला लागला तर दोन ओळींना मिळून तीन. दहा सेंटीमीटर विणून टेबलावर सपाट ठेवून बघायचं आणि मग पुढे जायचं.

शिवण सुईदोऱ्याने, सैल हाताने, त्याच लोकरीने मारा. सरकटाक्याची शिवण पक्की असते, पण जाड होते आणि नेमकी पुढे दिसणाऱ्या जागी येते. शिवण पूर्ण करायच्या आधी टाचण्या लावून एकदा अंगात घाला, हात वर करा, पुढे करा, स्वतःला मिठी मारा. पाठीत ताण आला तर शिवण दोन सेंटीमीटर मागे घ्या.

झाल्यावर ओल्या टॉवेलसारखा पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. ठेवायचाही घडी घालून, हँगरला नाही. हँगरला लावलेला श्रग खांद्यावर दोन टोकं घेऊन येतो.

टेप सगळ्यांकडे आहेत ना? दोघंदोघं जोड्या करा. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही, त्यामुळे एकमेकांची मापं घ्या. आधी हात पुढे करायला सांगा.