दुर्बीण, ट्रान्झिस्टर आणि बास्केटबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

शिवाजी मंदिरातलं एखादं नाटक उद्या कुणी उचलून शिवाजी पार्कवर लावलं तर? प्रेक्षक दसपट येतील, गल्ला दसपट होईल, आणि नटाचे डोळे कुणालाच दिसायचे नाहीत. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं हेच होऊन बसलंय. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटी जे चार संघ उरतात, त्यांच्या लढतींना तिकडे ‘फायनल फोर’ म्हणतात. या लढती बास्केटबॉलच्या हॉलमध्ये शेवटच्या झाल्या त्या १९९६ साली, न्यू जर्सीत. त्यानंतर एकदाही नाही. १९९७पासून सगळं अवाढव्य, छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये, बहुतेक अमेरिकन फुटबॉलच्या.

आकडे कानावर घाला. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ फूट लांब, ५० फूट रुंद. फुटबॉलचं मैदान ३६० फूट लांब, १६० फूट रुंद. म्हणजे क्षेत्रफळानं ते मैदान बारा कोर्टांएवढं, आणि हे मांडतात एक, मधोमध! पूर्वी निदान स्टेडियमच्या एका टोकाला कोर्ट घालून उरलेला भाग पडद्यानं झाकायचे. २००९पासून तेही गेलं. कोर्ट मंचासारखं उचललेलं असतं, त्यामुळे राखीव खेळाडू खाली बसतात आणि खड्ड्यातून डोकावल्यासारखे मान वर करून खेळ बघतात.

आता माझी गोष्ट. घरचे म्हणतात, ही मी फार वेळा सांगतो. सांगतो.

२०१६चा एप्रिल. मुलगा ह्यूस्टनला नोकरीला, आम्ही दोघं त्याच्याकडे गेलेलो. मी कॉलेजात असताना नागपुरात सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून घेतलेला माणूस. मुलानं कुठून तरी याच स्पर्धेच्या फायनलची, व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या सामन्याची, दोन तिकिटं मिळवली. ही म्हणाली, “मी घरी टीव्हीवर बघते, तुम्ही बापलेक जा.” मी निघताना दोन वस्तू खिशात टाकल्या: एक छोटी दुर्बीण आणि एक ट्रान्झिस्टर. वानखेडेवर कसोटी बघायला जाताना लागलेली सवय. मैदानावर खेळ आणि कानात कॉमेंटरी, याशिवाय मला सामना पचत नाही. (हल्ली क्रिकेटच्या मैदानात दोन चेंडूंच्या मध्ये जे ढणाढणा संगीत लावतात, त्यात कॉमेंटरीच काय, शेजारच्याची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. असो.)

आमच्या जागा इतक्या उंच की जिने चढता चढता मुलगा दोनदा म्हणाला, “बाबा, बसा जरा.” वर पोचलो. खाली बघितलं. कोर्ट केवढं दिसावं? आपल्या पोळपाटावर कुणी काड्यापेटी ठेवावी, तेवढं. चेंडू दिसतच नव्हता. माणसं पळताहेत म्हणजे चेंडू असणार, असं धरून चालायचं. दुर्बीण लावली तर एक खेळाडू दिसे आणि बाकीचे नऊ गायब. शेवटी सत्तर हजार माणसं जे करत होती तेच मी केलं, मोठ्या पडद्याकडे बघत बसलो.

शेजारी एक म्हातारबाबा होते, डोक्यावर व्हिलानोव्हाची निळी टोपी. १९८५ साली व्हिलानोव्हा जिंकली तेव्हा ते लेक्सिंग्टनच्या हॉलमध्ये हजर होते म्हणे. मला म्हणाले, “तिथे बुटांची करकर ऐकू येत होती.” मग माझ्या कानातली वायर बघून खुणेनं विचारलं, एक मला मिळेल का? झालं. उरलेला सामना आम्ही दोघांनी एका वायरीला जोडून ऐकला, गाडीला जुंपलेल्या बैलांसारखा.

शेवटचा मिनिट. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजनं हवेतच चेंडू खाली घेऊन पुन्हा उचलत, लांबच्या रेषेमागून तीन गुण टाकले, ७४–७४. उरले ४.७ सेकंद. व्हिलानोव्हानं टाइम-आउट घेतला. आणि इथे एक गंमत आहे, श्रोतेहो. रेडिओचं प्रक्षेपण सात-आठ सेकंद मागे चालत होतं. सामना पुन्हा सुरू झाला. समोरचे सगळे उभे राहिले, मला काही दिसेना. नुसता एक आवाज आला, खालून वर चढत येणारा, आणि छताकडून कागदाचे कपटे पडायला लागले. कानातला निवेदक मात्र शांतपणे सांगतोय, ४.७ सेकंद शिल्लक! म्हातारबाबांनी माझा दंड धरला. कपटे डोक्यावर पडताहेत आणि आम्ही दोघं अजून चेंडू आत यायची वाट बघतोय. मग कानात तो आला: जेन्किन्सनं चेंडू आत दिला, आर्किडिआकोनो घेऊन पळाला, परत जेन्किन्सकडे, आणि भोंगा वाजताना तीन गुण. ७७–७४. म्हातारबाबा तेव्हा रडले. कपटे पडले तेव्हा नाही, रेडिओवर ऐकलं तेव्हा.

तर मुद्दा असा, की हा जवळून बघायचा खेळ आहे. पुन्हा सांगतो, जवळून. जेम्स नेस्मिथनं १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत हा खेळ काढला, तेव्हा टोपल्या बांधल्या सज्जाच्या कठड्याला. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून बास्केट आजही दहा फुटांवर. सज्जातले प्रेक्षक हात घालून चेंडू ढकलायचे, म्हणून मागे फळी आली. ज्या खेळात प्रेक्षकाचा हात चेंडूला लागत होता, तिथे आता दुर्बीण लागते!

या थाटाची चटक लावली १९६८च्या जानेवारीनं. ह्यूस्टनच्याच अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या अवाढव्य स्टेडियमात, लॉस एंजलिसहून आणलेल्या लाकडी कोर्टावर, ५२,६९३ लोकांसमोर ह्यूस्टन विद्यापीठानं यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजलिसच्या विद्यापीठाला, ७१–६९नं हरवलं. यूसीएलएची सलग ४७ विजयांची मालिका तुटली. दोन महिन्यांनी, ते कोर्ट जिथून आणलं त्याच हॉलमध्ये यूसीएलएनं त्यांना १०१–६९नं झोडपलं. ती गोष्ट मात्र कुणाला आठवत नाही.

काही जण म्हणतात, मोठ्या जागेत बास्केटमागे पोकळी दिसते, नेम चुकतो. २०११ साली ह्यूस्टनच्या, मी पुढे गेलो त्याच स्टेडियममधल्या फायनलमध्ये बटलर विद्यापीठाचे ६४पैकी १२च नेम लागले, हे खरं. पण मी गेलो त्याच्या दोनच दिवस आधी तिथेच व्हिलानोव्हानं ७१ टक्के नेम साधून ओक्लाहोमाला ९५–५१नं हरवलं होतं. तेव्हा खेळाडूचं सोडा, तो सवय करून घेतो. माझी तक्रार प्रेक्षकाच्या वतीनं आहे. २०२४ साली महिलांची फायनल क्लीव्हलंडच्या साध्या बास्केटबॉल हॉलमध्ये झाली, अठरा हजारांच्या आसपास प्रेक्षक. टीव्हीवर ती १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली, पुरुषांची फायनल दीड कोटीच्या आत राहिली. यात कॅटलिन क्लार्क या लोकप्रिय खेळाडूचा वाटा मोठा, मान्य. पण हॉल लहान म्हणून खेळ लहान होत नाही, एवढं तर कळलं?

आता एक अडचण कबूल करतो. अठरा हजारांचा हॉल असता तर माझ्यासारख्याला तिकीट कुठलं मिळायला?

त्या रात्री घरी पोचलो, एक वाजून गेला होता. ही जागीच. दार उघडता उघडता म्हणाली, “बघितलंत ना? चेंडू सोडताना त्याचे पाय रेषेच्या किती मागे होते! आणि त्यांचा तो कोच, जागचा हललासुद्धा नाही.”

मी चपला काढल्या आणि म्हटलं, “नीट सांग. पहिल्यापासून सांग.”

नमस्कार.