मॅट्रिकची तयारी आणि विद्यार्थ्यांची सभा

श्रोतेहो, नमस्कार.

18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ कायद्याने स्थापन झाले, तेव्हा लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारे होते. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांकडे होते. विद्यापीठात पाऊल टाकायचे तर आधी मॅट्रिक व्हावे लागे आणि त्यासाठी इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित, इतिहास, भूगोल अशा विषयांची कसून तयारी करावी लागे. पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. रत्नागिरीच्या शाळेतून आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कोल्हापूरहून आलेले महादेव गोविंद रानडे तिच्यात उत्तीर्ण झाले, आणि 1862 साली वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्यासह विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले.

परंतु मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या मनाची मशागत विद्यापीठाच्या जन्मापूर्वीच सुरू झाली होती. 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी, प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळावर, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या बैठकांत सभासद स्वतः लिहिलेले निबंध वाचत आणि त्यांवर चर्चा होई. इंग्रजीतले हे ज्ञान आपल्या माणसांपर्यंत पोचावे म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे आले आणि 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. शिकलेला विषय मराठीत मांडताना तो आपल्याला कितपत उमगला आहे याचा जो कस लागतो, तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र 1849 सालचे काम. त्या वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. स्त्रीशिक्षणाला घरोघरी विरोध असताना दादाभाई नौरोजींसारखे सभासद दारोदार फिरून पालकांची समजूत घालत, आणि स्वतःच्या कामापूर्वीचा सकाळचा वेळ देऊन विनावेतन शिकवत. जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामाला जागा आणि पैसा दिला. मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात यातले काहीही नव्हते; सार्वजनिक कामाचे पहिले धडे मात्र या मुलांनी इथेच गिरवले.

पुढे विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली. ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे, त्याच विद्यापीठाचे पहिले पदवीधर, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत झटत राहिले.