जुनी लिंकन घेताय? आधी गालिचा उचला

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओत माझ्यामागे ती लांबलचक काळी गाडी दिसली आणि तेव्हापासून तुम्ही कॉमेंट्समध्ये एकच लकडा लावलाय: दादा, अशी जुनी अमेरिकन गाडी दुरुस्त करायला घ्यायचीय, घेताना काय बघायचं? तर आज तेच.

गाडी आहे 1964 ची लिंकन कॉन्टिनेंटल. मागची दारं उलटी उघडतात ती. हे रूप 1961 साली आलं, 1969 पर्यंत चाललं. इथेच मिशिगनमध्ये, विक्समच्या कारखान्यात बनायची. तो कारखाना 2007 साली बंद पडला. मी राहतो तिथून जवळच जन्मलेली गाडी, म्हणून माझा जीव तिच्यात जरा जास्तच.

पटापट सांगण्यासारखं आधी उरकतो. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर हवं. आपलं गॅरेज मोजा, गाडी 18 फुटांची आहे. 1964 पर्यंत चारी चाकांना ड्रम ब्रेक, 1965 पासून पुढे डिस्क, आणि वजन सव्वादोन टनांच्या वर. तेव्हा ब्रेक नीट होईपर्यंत चालवून घरी आणू नका, ट्रेलरवर आणा. झालं.

आता मुद्द्याचं. दर तिसरी कॉमेंट अशी असते: "इंजिन चालू होतंय, मग घ्यायला काय हरकत?" मंडळी, हे वाचलं की माझा जीव तुटतो. इंजिन सगळ्यात शेवटी बघा! 430 घनइंचाचं व्ही-एट आहे, म्हणजे 7 लिटरचं. दणकट आहे. बिघडलं तर बाहेर काढून उघडता येतं. पत्रा सडला तर काय बाहेर काढणार?

त्याच काळातल्या कॅडिलॅक गाडीला खाली वेगळी चॅसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, असायची आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. फरशी गंजली तरी भार चॅसिसवर. या लिंकनला वेगळी चॅसिसच नाही. फरशी, दाराखालचे रॉकर पॅनल, आतले पेटीसारखे जोड, हाच तिचा कणा. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाणी रॉकरमध्ये शिरतं, खालची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात, आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग मात्र चकचकीत.

म्हणून गालिचा उचला. पुढच्या सीटखाली, मागे पाय ठेवतो तिथे, कडेपर्यंत. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला तरी त्याची परवानगी घेऊन उचलाच. नाहीच उचलू दिला, तर नमस्कार करून निघा.

गालिचा झाला की दारं. चारी दारांच्या फटींचे फोटो काढा. मग पुढची बाजू जॅकवर घ्या, पण गाडीखाली अजिबात जाऊ नका, आणि त्याच फटी परत बघा. पुढचं आणि मागचं दार मध्ये एका बारीक खांबापाशी भेटतात. कणा कमजोर असेल तर तिथली फट बदलते, दार घासतं, कधी लागतच नाही. विकणारा म्हणेल, बिजागरी जुनी झालीय. ऐकून घ्या, पण जॅक खाली घेतल्यावर तेच दार सुरळीत लागलं तर दोष बिजागरीचा नाही, खालच्या पत्र्याचा आहे.

तिसरं, खालून मारलेला ताजा काळा थर. साठ वर्षांची गाडी खालून नवीकोरी काळी कशी असेल? मी इथेच फसलो. एका विक्रेत्याने "अंडरकोटिंग करून दिलंय" असं अभिमानाने सांगितलं, आणि मी खूश झालो. पुढच्या महिन्यात बाबा पुण्याहून आले. आयुष्य एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेलेलं. त्यांनी बोटाच्या पेराने रॉकर वाजवला. पुढून ठण्, ठण्, आणि मागच्या दाराखाली बद्द. म्हणाले, "अरे, इथे पत्रा नाहीये, लांबी भरलीय." लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. लोहचुंबक लावून बघितलं, धरेचना.

हा बघा तो तुकडा, जरा जवळ धरतो. वर काळा थर, खाली बोटभर जाड लांबी, तिच्यात दाबलेली बारीक जाळी, आणि ही पापुद्र्यासारखी चुरा होणारी तपकिरी कड, हा मूळ पत्रा. एवढाच उरलाय.

एका ताईंनी विचारलंय, मग ॲरिझोनातली गाडी घ्यावी का? हो, ताई, जमलं तर नक्की. उन्हाने सीट फाटतात, डॅशबोर्ड तडकतो, पण पत्रा कोरडा राहतो, आणि सीट शिवून मिळते. फक्त क्रोमचे भाग पूर्ण आहेत ना बघा. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, खड्डे पडले की पुन्हा मुलामा चढवणं फार महागात जातं.

आणि वायपर संथ चालतात म्हणून मोटार शोधू नका! ते पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. आधी तेलाची गळती बघा.

बाबांचा परतीचा प्रवास दोन आठवड्यांवर आलाय. त्याआधी डावा रॉकर कापायचाय. खुणा त्यांनीच खडूने करून ठेवल्यात, त्या बघा, दाराखाली.