टाके पिकतात कशाने?

सकाळचे साडेआठ. थिएटरबाहेर ट्रॉलीवर हर्नियाचा रुग्ण आहे. चीर पडायला अजून तासभर. टाके पिकणार की नाही, याचा बराचसा निकाल याच तासात आणि पुढच्या दोन-तीन तासांत लागतो.

टाके पिकले की घरचे म्हणतात, भात खाल्ला, पाणी लागलं. भाताने पू होत नाही. पू करणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच कातडीवर, नाकात किंवा आतड्यात असतात. कातडी कापली की त्यांना आत वाट मिळते.

हा वस्तरा. आदल्या रात्री तो फिरवला की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत रात्रभर जंतू वाढतात. केस आड येत नसतील तर राहू द्यावेत. काढायचेच असतील, तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने.

आता अँटिबायोटिक. सेफाझोलिन 2 ग्रॅम, शिरेतून, चीर देण्याआधीच्या 60 मिनिटांत. रुग्ण 120 किलोंचा असेल तर 3 ग्रॅम. कापताना औषध रक्तात आणि ऊतींत पोचलेलं हवं, म्हणून वेळेचा एवढा आग्रह. ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं की दुसरा डोस. स्वच्छ ऑपरेशननंतर पाच दिवस गोळ्या देण्याची सवय मात्र सोडायला हवी. त्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही, जंतू तेवढे औषधाला निर्ढावतात.

कातडीला क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल हे जंतुनाशक लावल्यावर किमान तीन मिनिटं ते सुकू द्यायचं. ओल्यावरच कॉटरी, म्हणजे विजेवर कापणारं-डागणारं उपकरण, चालवली, तर ठिणगीने पेट घेऊ शकतं.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. फुटलेलं अपेंडिक्स आणि साधा हर्निया यांची तुलनाच नको. तंबाखूचा धूर, स्थूलपणा, कुपोषण, लांबलेलं ऑपरेशन, सगळ्यांनी धोका वाढतो. साखर 200 च्या वर गेली की पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि ऑपरेशनच्या ताणाने मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. म्हणून ती सगळ्यांचीच तपासावी. थंडीकडे तर फारसं कुणी बघतच नाही. एसी जोरात, अंगावर पातळ गाऊन. शरीर 36 अंशांखाली गेलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो. एक गरम ब्लँकेट इथे मोठं काम करतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी. छोटी छिद्रं भरून येतात, आणि महिनाभराने तिथेच गाठ येते, पाणी झिरपू लागतं. नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत, साधं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह येतं. कारण अनेकदा साफसफाईच्या खोलीत सापडतं. उपकरणांचे भाग सुटे करून घासलेले नसतात. 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात वीस मिनिटं बुडवून ती नळाच्या पाण्याने धुतली जातात, आणि त्याच पाण्यात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद, म्हणजे मायकोबॅक्टेरिया, असतात. वीस मिनिटांत स्पोअर्सही, म्हणजे जंतूंची चिवट बीजरूपं, मरत नाहीत, त्यांना कित्येक तास लागतात. जे ऑटोक्लेव्ह होतं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता येतं, ते ऑटोक्लेव्हच करावं, आणि धुण्याला निर्जंतुक पाणीच वापरावं. अशा गाठीतला नमुना पाठवताना चिठ्ठीवर ‘मायकोबॅक्टेरिया कल्चर’ असं स्पष्ट लिहावं. उपचार महिनोन्‌महिने चालतात.

संसर्गाची मोजणी 30 दिवस करायची, जाळी किंवा सांधा बसवला असेल तर 90. टाके बहुधा रुग्ण घरी गेल्यावर पिकतात, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर फोन नंबर हवा, आणि लाली, वाढती दुखण, ताप, पू आला तर त्याच दिवशी या, हेही.