मीटरला किती कळावं?

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. काही घरांत म्हातारी माणसं मागं राहतात, काहींना हंगामभर कुलूप. कुठलं घर बंद आहे, हे आजवर गल्लीलाच ठाऊक असायचं. आता ते भिंतीवरच्या विजेच्या मीटरलाही कळतं.

स्मार्ट मीटर म्हणजे वापराची नोंद आपोआप वीज कंपनीकडं पाठवणारं मीटर. ते 15 किंवा 30 मिनिटांचा वापर वेगवेगळा नोंदवू शकतं. अर्ध्या तासाच्या हिशेबानं दिवसाला 48 आकडे. त्यांचा आलेख काढला की मोटर कधी लावली, दिवा कधी मालवला, घरात कुणी कधी नव्हतं, सगळं दिसतं. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेलं पोरगं रात्री किती वाजेपर्यंत जागलं, तेसुद्धा. अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 साली अपील न्यायालयानं अशा 15 मिनिटांच्या नोंदींना घराची झडतीच मानलं. नोंदी घेण्याचा हेतू मर्यादित होता, म्हणून ती झडती वाजवी ठरली.

बिलासाठी एवढं लागतं का? मुळीच नाही. राज्यात 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागं 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. त्यासाठी महिन्याअखेर सवलतीच्या वेळेतले युनिट आणि बाकीचे युनिट, एवढे दोनच आकडे पुरतात. वेळेप्रमाणं बेरीज मीटर स्वतःच ठेवू शकतं. डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, किती लोड आला, हे बघायला अख्ख्या वस्तीची बेरीज चालते. त्याचंही गणित तयार आहे: प्रत्येक मीटरनं आपल्या आकड्यात एक गुप्त आकडा मिसळायचा, आणि सगळ्यांची बेरीज झाली की ते गुप्त आकडे एकमेकांना खोडतात. बेरीज खरी निघते, घर मात्र ओळखू येत नाही.

बिल फुगलं की लोक म्हणतात, मीटर पळतंय. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. वीजग्राहक हक्क नियमांत 2024 साली दुरुस्ती झाली: रीडिंगबद्दल तक्रार आली तर 5 दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावायचं आणि किमान 3 महिने वापर ताडून बघायचा. ग्राहकानं हे हक्कानं मागावं.

पण हा ताळा युनिटचा झाला. आपल्या घराचा आलेख कुणाला दिसतो, मीटर बसवणाऱ्या कंत्राटदार कंपनीकडं तो किती दिवस राहतो, पुढं कुणाला देता येतो? मीटर बसवायला माणूस दारात येतो, तेव्हाच ही उत्तरं घरातल्या माणसाच्या हाती पडली पाहिजेत. कागदावर, आणि मराठीत.