पहिल्या बेसवर कोणीच नव्हतं

(न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात मार्च २०२५च्या पहिल्या रविवारी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार मंडळी.

मंडळाकडून फोन आला आणि मी विषय सांगितला, ‘बेसबॉल’. पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच विचारणा झाली, ‘‘नक्की ना? आपल्या लोकांना गुंतवणुकीवर वगैरे ऐकायला आवडतं.’’ मी म्हटलं, यात गुंतवणूकही आहे, एका माणसावर शहात्तर कोटी पन्नास लाख डॉलरची. तेव्हा कुठे तारीख मिळाली.

मी यांकीजवाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाचा. डोंबिवलीत टेनिस बॉलवर वाढलेला माणूस यांकीजवाला कसा होतो, ती वेगळी कथा आहे आणि तिच्यात मुख्य पात्र माझी मुलगी आहे. तिला हा खेळ शिकवता यावा म्हणून मी तो शिकलो. पुढे ती मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाच्या, गोटात गेली आणि मी इथेच राहिलो. घरात दोन संघ असले की जेवणाचं टेबल कसं असतं, ते शिवसेना फुटल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

तर गेला ऑक्टोबर. यांकीज २००९नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे सातांपैकी चार सामने जिंकायच्या अंतिम मालिकेला, पोचले. नऊ इनिंगांत, म्हणजे दोन्ही संघांच्या नऊ-नऊ पाळ्यांत, बरोबरी राहिली की दहावी खेळतात. क्लीव्हलंडमध्ये दहाव्या इनिंगला आमच्या हुआन सोटोने एकामागून एक चेंडू फाऊल, म्हणजे रेषेबाहेर, मारत पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दमवलं आणि मग होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर, मारून तीन धावा काढल्या. त्या रात्री मी शेजारच्या गुजराती कुटुंबाची क्षमा मागितली, इतका ओरडलो होतो. समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स होते. पहिलाच सामना तिकडे, २५ ऑक्टोबरला. दहाव्या इनिंगला आम्ही ३–२ने पुढे. आम्ही नेस्टर कोर्टेसला चेंडू टाकायला आणलं. हाताच्या दुखापतीमुळे तो सप्टेंबरच्या मध्यापासून सामन्यात उतरलेला नव्हता. पहिल्या चेंडूवर ओहतानीचा झेल गेला. मूकी बेट्सला मुद्दाम चालत, म्हणजे खेळू न देता पहिल्या बेसवर, सोडलं. दुसऱ्या चेंडूवर फ्रेडी फ्रीमनने, घोटा मुरगळलेला असताना, ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारला आणि सामना संपला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात ग्रँड स्लॅमने सामना संपण्याची ही पहिलीच वेळ. कोर्टेसने टाकलेले चेंडू मोजून दोन.

पुढचे दोन सामनेही गेले. चौथा आम्ही ११–४ने काढला. आणि मग बुधवार, ३० ऑक्टोबर, पाचवा सामना, आमच्या घरच्या मैदानावर, ब्राँक्समध्ये. आजचं माझं सगळं बोलणं त्या संध्याकाळच्या एका चेंडूभोवती फिरणार आहे, तेव्हा जरा तपशिलात जातो.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. नोकरी करणाऱ्यांच्या घरी फराळ कधी होतो हे तुम्हाला माहीतच आहे: आदल्या रात्री. आमच्या ॲरन जजने पहिल्याच इनिंगला होम रन मारला, लगेच चिझमने मारला, तिसऱ्या इनिंगला स्टँटनने मारला. ५–० झालं. आमचा पिचर गेरिट कोल, त्याला चार इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे मारणाऱ्याला बेसवर पोचवणारा फटका, बसलेली नव्हती. मी सामना जिंकल्याच्या थाटात उठलो, बाही वर केल्या आणि सोऱ्या हातात घेतला. टीव्ही स्वयंपाकघरातून दिसतो. बायको तळत होती, मी ओट्यावर कागदावर चकल्या पाडत होतो. भाजणी जरा घट्ट मळली गेली होती, त्यामुळे जोर लावावा लागत होता आणि दर दुसऱ्या वेढ्याला चकली तुटत होती.

पाचवी इनिंग. डॉजर्सच्या किके हर्नांडेझची हिट. ठीक आहे, एखादी बसतेच. मग एडमनचा चेंडू सरळ जजकडे, शाळकरी पोरानेही घ्यावा असा, आणि तो जजच्या ग्लोव्हमधून खाली पडला. मग आमच्या व्होल्पीने चेंडू उचलून तिसऱ्या बेसवर फेकला, तो टप्पा पडून गेला. तिन्ही बेसवर त्यांचे धावणारे उभे, आउट एकही नाही. मी सोऱ्या ठेवला. कोलने काय केलं? लक्सला स्ट्राइक आउट. ओहतानीला स्ट्राइक आउट. दोन चुका दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या आणि हा माणूस एकट्याने त्या निस्तरतोय. मी परत सोऱ्या उचलला.

आता बेट्स. त्याने मारलेला चेंडू घरंगळत पहिल्या बेसच्या बाजूला गेला. जोर नाही, पण फिरकी आहे. पहिल्या बेसवरचा रिझो तो घ्यायला बेस सोडून मागे थांबला. अशा वेळी रिकामा झालेला बेस कोणी सांभाळायचा? पिचरने. चेंडू आपल्या डाव्या हाताला गेला की पिचरने डोकं न चालवता धावत सुटायचं, बेस गाठायचा, रिझोकडून चेंडू घ्यायचा, पाय लावायचा. तिसरा आउट, इनिंग संपली. ५–०.

कोल दोन-चार पावलं चेंडूकडे गेला, थांबला आणि त्याने रिझोला बोट दाखवलं: तूच जा. रिझो लांब. बेट्स जिवाच्या आकांताने धावत सुटलेला. माझ्या बायकोला बेसबॉलमधलं काही कळत नाही. शाळेत ती खो-खो खेळायची. झारा हातात धरून तिने टीव्हीकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘अरे, तिथे कोणीच का नाहीये?’’

मंडळी, त्या क्षणी बेसबॉलवर बोलून पोट भरणारी अनेक माणसं माइकसमोर बसलेली होती. त्यांच्यापैकी कोणीही याहून नेमकं काही बोललं असेल असं मला वाटत नाही.

एक धाव आली. मग फ्रीमनने दोन आणल्या, तिओस्कार हर्नांडेझने दोन. ५–५. आम्ही पुन्हा ६–५ केलं, आठव्या इनिंगला त्यांनी ७–६ केलं आणि संपलं. विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात पाच धावांची पिछाडी वर्ल्ड सिरीजमध्ये त्याआधी कोणीच भरून काढलेली नव्हती. मध्यरात्र झाली होती. पहाटे उटणं लावून घेतलं. इथे कारीट कुठलं मिळायला, आमच्याकडे लिंबू फोडतात. त्या लिंबावर पाय देताना नरकासुराचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढंच सांगतो.

आता हिवाळा. क्रिकेटवाल्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे, कारण आपल्याकडे एक मालिका संपली की पाचव्या दिवशी दुसरी सुरू होते. बेसबॉलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी चेंडूच नाही. नुसत्या बातम्या. आणि त्या सगळ्या पैशांच्या.

पहिली बातमी कोलचीच. त्याच्या करारात मधूनच बाहेर पडायची सोय होती, ती त्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला वापरली. यांकीजने एक वर्ष वाढवून द्यावं, म्हणजे तो राहील, असा हिशेब. यांकीजने वाढवलं नाही. दोन दिवसांत तो आहे त्याच करारावर परत, चार वर्षं, १४ कोटी ४० लाख डॉलर. साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवायचा आणि साहेबांनी वाचायच्या आत उचलून घ्यायचा, तशातला प्रकार. मला त्याचा राग नाही आला. थोडं हसू आलं.

मग ८ डिसेंबर. रविवार, रात्र, फोन वाजला. मुलगी. ‘‘बाबा, झोपलास का?’’ नाही म्हटलं. ‘‘सोटो आमचा.’’ पंधरा वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. यांकीजही सोळा वर्षांचे ७६ कोटी द्यायला तयार होते असं बातम्यांत आलं. म्हणजे पन्नास लाखांचा फरक, आणि घरच्यांसाठी स्टेडियममध्ये बसायला एक खोली मेट्सनी दिली, यांकीजनी फुकट द्यायला नकार दिला, अशीही बातमी. लग्नाच्या बैठकीत हुंडा ठरतो आणि मानपानावरून मोडतं, हे आपल्याला नवीन नाही. लोक म्हणाले, एक वर्ष राहिला आणि गद्दारी केली. कसली गद्दारी? सॅन डिएगोने त्याला आमच्याकडे पाठवलं तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का? ज्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जागा स्वतः निवडता आली, त्याने ती निवडली. मी मुलीला अभिनंदन म्हटलं. नंतर बराच वेळ झोप लागली नाही, ते खरं.

सोटोसाठी राखलेला पैसा इकडेतिकडे वाटला गेला. मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी आला, २१ कोटी ८० लाखांना. बेलिंजर आला, गोल्डश्मिट आला. रिझोचा करार पुढे नेला नाही. तिकडे डॉजर्सनी ब्लेक स्नेल घेतला, जपानचा रोकी सासाकी घेतला. मग सुरू झाली ती ओरड: डॉजर्स खेळ विकत घेतायत. ओहतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी २०३४पासून पुढे द्यायचे, ही काय चालबाजी. हे सगळं माझ्याही आवडीचं आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मीही तावातावाने बोलतो.

पण एक गोष्ट मला पटत नाही. ती इनिंग पैशांनी गेली नाही. तो चेंडू मारणारा बेट्स ३६ कोटी ५० लाखांच्या करारावरचा माणूस. चेंडू हळू गेला, बहुतेक आउटच होणार, हे त्यालाही दिसत होतं. तरी तो नव्वद फूट जीव खाऊन धावला. आमचा कोल ३२ कोटी ४० लाखांचा. त्याला चौसष्ट फूट जायचं होतं.

आणि गंमत पुढे आहे. जानेवारीत बर्फाने घरात कोंडलो असताना मी त्या सामन्याचा धावफलक पुन्हा काढून बसलो. जजच्या नावावर एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूक, आहे. व्होल्पीच्या नावावर एरर आहे. कोलच्या? काही नाही. बेट्सला हिट दिलेली आहे. एवढंच नव्हे, आधीच्या चुकांमुळे त्या इनिंगच्या पाचही धावा ‘अनअर्न्ड’, म्हणजे कोलच्या सरासरीला धक्काही नाही. मला वाटलं, स्कोअररने पाहुण्यासारखं वागवलं असेल. म्हणून नियमपुस्तक उघडलं. मनाच्या चुकीला एरर देऊ नये, असा नियमच आहे. आणि त्याखाली समजावून सांगायला जे उदाहरण दिलंय ते ऐका: पहिल्या बेसवाल्याकडे चेंडू गेला असताना पिचर बेस सांभाळायला गेला नाही आणि बॅटर पोचला, तर एरर देऊ नये.

मी ते तीनदा वाचलं. हातातून निसटलेला झेल लिहायला रकाना आहे. न उचललेल्या पावलांना नाही.

कोलशी अन्याय नको. नंतर तो लपला नाही, पत्रकारांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की चेंडू अडवायला मी सरळ त्याच्या अंगावर गेलो, तो किती जोरात आलाय याचा अंदाज चुकला, आणि तो निघून गेल्यावर बेस गाठायच्या जागी मी नव्हतो. खरं असणार. त्या इनिंगनंतरही तो सातव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला. दुसरा कोणी असता तर सहावी बघायलाच मिळाली नसती. तरीही ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डोंबिवलीत आम्हाला मैदानावर एक शिकवण पक्की मिळाली होती: थ्रो येतोय दिसला की स्टंपामागे कोणीतरी जायचंच, आणि ‘कोणीतरी’ म्हणजे तू. बोट दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बॅटिंग शेवटी मिळायची.

हिवाळ्यातल्या उरलेल्या दोन बातम्या सांगतो आणि थांबतो. कोर्टेस, तो दोन चेंडूंवाला, डिसेंबरमध्ये मिलवॉकीला गेला. बदल्यात डेव्हिन विल्यम्स नावाचा क्लोझर, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखलेला पिचर, आला. या २७ मार्चला ब्राँक्समधला पहिला सामना मिलवॉकीशीच आहे. आणि विल्यम्सला दाढी आहे. यांकीजमध्ये कित्येक दशकं दाढीला बंदी होती, जॉर्ज स्टाइनब्रेनर यांचा हुकूम. गेल्या पंधरवड्यात त्यांच्या मुलाने तो बदलला: नीटनेटकी दाढी चालेल. या बातमीवर जेवढी चर्चा झाली तेवढी बेस सांभाळण्यावर झाली असती तर... असो. आमच्या पिढीला दाढीवरून घरात ऐकून घ्यावं लागलंय, तेव्हा मी याबाबत पुरोगामी आहे.

फेब्रुवारीत फ्लोरिडात, टॅम्पाला, सराव सुरू झाला. आधी येतात ते फक्त पिचर आणि कॅचर. बाकीचे नंतर. आणि अगदी पहिल्या दिवसांत पिचरांकडून काय करून घेतात? ओळीत उभं करतात. एकाने चेंडू टाकल्यासारखं करायचं, प्रशिक्षक पहिल्या बेसकडे एक चेंडू घरंगळत सोडतो, पिचरने धावत जाऊन बेसवर पाय द्यायचा, चेंडू घ्यायचा आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. मग पुढचा. दरवर्षी. कोट्यधीश असो की काल आलेला पोरगा. कोलनेही हे आयुष्यात हजारदा केलं असणार.

परवा रात्री मी असा व्हिडिओ बघत बसलो होतो. बायको मागून आली, जरा वेळ उभी राहिली. म्हणाली, ‘‘आता कशाला पळतायत?’’

मैदानावर पिचर उभा राहतो तिथपासून पहिला बेस साधारण चौसष्ट फूट. येताना मी पावलांनी मोजलं. या माइकपासून मागचं ते दार, जिथे चहाचे थर्मास मांडलेत, तेवढंच आहे. चला, चहा गार होतोय.